मधुमेह, शुक्राणूंची हानी आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या: कितपत विसंबावे?

प्रश्न – प्रतीक्षारत

नमस्कार. माझे वय ३५ असून टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षे झाली आहेत. दीड वर्षापासून आम्ही मूल व्हावे म्हणून प्रयत्न करत आहोत. पत्नीच्या सर्व तपासण्या समाधानकारक आल्या आहेत. माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या योग्य मर्यादेत आहे; मात्र पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण २४ टक्के, वीर्याचे आकारमान १.१ मिलिलिटर आणि डीएनए विखंडनाचे (शुक्राणूंतील डीएनए तुटलेला असण्याचे) प्रमाण ३८ टक्के आले आहे. शेवटचे एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.६ होते.

मला एक पूरक गोळी सुचवण्यात आली आहे. तिच्यात क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, सेलेनियम, कोएन्झाइम क्यू१० आणि अल्फा लायपोइक आम्ल आहे. मधुमेहामुळे वृषणांमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण (अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींची होणारी हानी) वाढतो आणि अँटिऑक्सिडंट (असे रेणू निष्प्रभ करणारी द्रव्ये) दिल्यास ती हानी टळते, असे सांगणारे बरेच शोधनिबंध मी चाळले. परंतु त्यांतील बहुतेक प्रयोग उंदरांवर केलेले आहेत. या संशोधनाचा माझ्यासारख्या माणसाला प्रत्यक्ष कितपत उपयोग आहे आणि ही गोळी सुरू करण्यापूर्वी मी आणखी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मी साखरेवर लक्ष ठेवण्यासाठी दंडावर लावायचा सेन्सर वापरतो, हेही नमूद करतो.

प्रतिसाद – पेशीवेत्ता

आपण वाचलेल्या निबंधांमागचे तर्कशास्त्र भक्कम आहे, म्हणून आधी ते मांडतो आणि मग ते कुठे अपुरे पडते ते सांगतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की पेशींच्या तंतुकणिकांमध्ये (ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांमध्ये) सुपरऑक्साइड या अतिक्रियाशील रेणूची निर्मिती वाढते. त्याच वेळी जादा ग्लुकोजचा काही भाग सॉर्बिटॉलकडे वळतो आणि या रूपांतरात एनएडीपीएच हा सहायक रेणू खर्ची पडतो. ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे संरक्षक द्रव्य वापरले गेल्यावर पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी पेशीला हेच एनएडीपीएच लागते. म्हणजे एकीकडे हल्ला वाढतो आणि दुसरीकडे बचावाचे साहित्य संपत जाते. शिवाय साखर प्रथिनांना चिकटून हळूहळू जी संयुगे तयार होतात, ती पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहींना जोडली जाऊन दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण आणखी वाढवतात. आपण ज्या एचबीए१सीचा उल्लेख केला आहे, तो अशाच चिकटण्याच्या आरंभीच्या टप्प्याचा मापदंड आहे.

ही हानी शरीरातील कोणत्याही पेशीला पोहोचू शकते, परंतु शुक्राणू तिच्यापुढे विशेष दुबळे ठरतात. शुक्राणूच्या आवरणात बहुअसंतृप्त मेदाम्लांचे, त्यातही डोकोसाहेक्सेनॉइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे आवरण लवचीक राहते आणि शेपटीची हालचाल सुलभ होते, मात्र नेमकी हीच मेदाम्ले ऑक्सिडीकरणाला सर्वांत लवकर बळी पडतात. पूर्ण वाढ होताना शुक्राणू आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देतो आणि त्याबरोबर पेशीद्रवातील संरक्षक विकरेही (एन्झाइम) जातात. डीएनए प्रोटामिन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट बांधला गेल्यावर त्यातील तुटफूट दुरुस्त करण्याची क्षमताही जवळपास उरत नाही. ते काम फलनानंतर स्त्रीबीजाला करावे लागते. ऑक्सिजनच्या अधिक दाबाखाली मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते, हे जॉन मॅक्लिऑड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते.

आपल्या अहवालाशी मिळताजुळता एक अभ्यास २००७ मध्ये बेलफास्ट येथील संशोधकांनी प्रसिद्ध केला. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार मधुमेह नसलेल्या पुरुषांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. वीर्याचे आकारमान मात्र कमी होते, आणि शुक्राणूंच्या केंद्रकातील डीएनए विखंडन ५३ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ते ३२ टक्के होते. सहभागी पुरुष थोडे होते आणि त्यांचा मधुमेह टाइप १ होता, हे खरे. तरीही नेहमीची वीर्यतपासणी ठीक दिसत असताना आत हानी झालेली असू शकते, हे या अभ्यासाने स्पष्ट केले.

आता उंदरांकडे वळू. यातील बहुसंख्य प्रयोगांत स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केल्या जातात. काही आठवड्यांत वृषणांचे वजन घटते, टेस्टोस्टेरॉन खाली येते, मेदांच्या ऑक्सिडीकरणाचा निदर्शक असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड वाढते, आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज व ग्लुटाथायोन ही संरक्षक द्रव्ये घटतात. मग ई जीवनसत्त्व, मेलाटोनिन, क्वेर्सेटिन, रेस्वेराट्रॉल, कर्क्युमिन किंवा अल्फा लायपोइक आम्ल दिले की हे सर्व आकडे सुधारतात. यांतील जवळजवळ प्रत्येक द्रव्याची अशी सुधारणा कुठे ना कुठे नोंदवलेली सापडते आणि माझ्या मते वाचकाने तिथेच थोडे थबकायला हवे.

एक तर या उंदरांचा मधुमेह तीव्र आणि बहुधा पूर्णतः अनियंत्रित असतो. त्यांना इन्सुलिन दिलेले नसते आणि त्यांचे वजनही झपाट्याने घटत असते. आपला आजार वेगळ्या प्रकारचा आहे, तो सावकाश वाढलेला आहे आणि त्यावर उपचारही चालू आहेत. दुसरे असे की, अँटिऑक्सिडंट पुष्कळदा मधुमेह निर्माण केल्याच्या दिवसापासून किंवा त्याआधीपासूनच दिले जाते. हानी होण्यापूर्वी दिलेले संरक्षण आणि सहा वर्षांच्या हानीनंतर केलेला उपचार यांत मोठे अंतर आहे. तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या द्रव्यांपैकी अनेकांमुळे त्या उंदरांची साखरही खाली आलेली असते. अशा वेळी वृषणे त्या द्रव्याच्या अँटिऑक्सिडंट गुणामुळे वाचली की निव्वळ साखर उतरल्यामुळे, हे ठरवण्यासाठी साखर तेवढीच उतरवलेला इन्सुलिनचा गट तुलनेला असावा लागतो. जिथे तो गट नसतो, तिथे निष्कर्ष अर्धवट राहतो. कालावधीचाही प्रश्न आहे: रॅट या मोठ्या जातीच्या उंदरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस लागतात, तर कित्येक प्रयोग चार आठवड्यांत आटोपतात.

ऑक्सिडेटिव्ह ताण हे मधुमेहातील हानीचे खरे कारण आहे, यात मला शंका नाही. गोळीने तो ताण माणसाच्या वृषणात हवा तिथे, हवा तेवढा कमी होतो, हे मात्र या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही.

प्रतिसाद – दीर्घसोबती

मी लहानपणापासून टाइप १ मधुमेही आहे. आपल्या अहवालातील १.१ मिलिलिटर या आकड्याकडे लक्ष वेधण्यासाठी लिहीत आहे, कारण हा आकडा बाकीच्या आकड्यांच्या गर्दीत सहज मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत वीर्याच्या आकारमानाची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर दिली आहे. नमुना देताना पहिला भाग भांड्याबाहेर गेला असेल, तरी आकारमान कमी भरते. तसे झाले नसेल, तर वीर्य उलट दिशेने मूत्राशयात जात आहे का, हे पाहायला हवे. मधुमेहात स्वायत्त मज्जातंतू दुखावले की वीर्यस्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड नीट बंद होत नाही आणि वीर्याचा काही भाग किंवा सर्वच वीर्य मागे जाते. त्यानंतरची लघवी गढूळ दिसणे, ही त्याची एक खूण आहे.

माझ्या बाबतीत हेच होते. त्याची तपासणी अगदी साधी असते: वीर्यस्खलनानंतर लगेच लघवीचा नमुना द्यायचा, प्रयोगशाळा तो यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आणि त्यात शुक्राणू आहेत का ते मोजते. मला मूत्राशयाचे तोंड आवळणारे औषध काही काळ देण्यात आले. ज्यांना औषधाने गुण येत नाही, त्यांच्या लघवीची आम्लता आधी कमी करून तिच्यातून शुक्राणू वेगळे काढता येतात आणि ते गर्भधारणेच्या उपचारासाठी वापरता येतात. प्रोस्टेटसाठी किंवा लघवी मोकळी व्हावी म्हणून टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असेल, तर त्यानेही वीर्य कमी येते. तसे असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. अँटिऑक्सिडंटने या कारणाचा काहीही निकाल लागत नाही, म्हणून गोळीचा विचार करण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद – अंतःस्राव

वरील दोन्ही प्रतिसाद योग्य दिशेने आहेत. माझा व्यवसाय अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांशी संबंधित असल्याने माणसांवरील चाचण्यांबद्दल लिहितो. मात्र आपली प्रत्यक्ष तपासणी न करता दिलेले हे मत आहे, हे लक्षात असू द्यावे.

अमेरिकेतील एका बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात १७१ जोडपी होती आणि पुरुषांना क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व, सेलेनियम, एल-कार्निटिन, जस्त, फॉलिक आम्ल आणि लायकोपीन यांचे मिश्रण किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. म्हणजे आपल्याला सुचवलेल्या गोळीशी बरेच साम्य असलेले हे मिश्रण होते. तीन महिन्यांनंतर शुक्राणूंची संहती (दर मिलिलिटरमधील संख्या), हालचाल, आकार किंवा डीएनए विखंडन यांपैकी कशातही गोळीमुळे सुधारणा दिसली नाही, आणि जिवंत बाळ जन्माला येण्याचे प्रमाणही वाढले नाही. त्याच वर्षी जस्त आणि फॉलिक आम्लाची त्याहून बरीच मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २,३७० जोडपी होती. जिवंत जन्माचे प्रमाण औषधाच्या गटात ३४ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ३५ टक्के होते. डीएनए विखंडन तर औषध घेणाऱ्यांत किंचित जास्तच आढळले. या चाचण्या केवळ मधुमेही पुरुषांवरील नव्हत्या, त्यामुळे त्या आपल्याला जशाच्या तशा लागू होतात असे मी म्हणणार नाही. तरीही मिश्रण घ्या, अपाय तर नाहीच, हे सरसकट विधान त्यांच्यापुढे टिकत नाही.

अनेक छोट्या चाचण्या एकत्र करून पाहणारा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावाही आहे. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत ९० चाचण्या आणि दहा हजारांहून अधिक पुरुष समाविष्ट होते. त्यात लाभाची शक्यता दिसते, पण पुराव्याची खात्री फार कमी असल्याचे लेखकांनीच म्हटले आहे, आणि सदोष आखणीच्या चाचण्या वगळल्यावर जिवंत जन्माच्या बाबतीतला लाभ टिकत नाही.

असे का व्हावे? एक कारण असे की, हे क्रियाशील रेणू संपूर्णपणे शत्रू नाहीत. स्त्रीच्या प्रजननमार्गात शुक्राणूला फलनक्षम होण्यासाठी आणि स्त्रीबीजाचे आवरण भेदण्यासाठी त्यांची अल्प मात्रा आवश्यक असते. त्यांना पार दडपून टाकणे हे उद्दिष्टच असू शकत नाही. ताण नसलेल्या पुरुषाला दिलेली मोठी मात्रा उलट परिणाम करू शकते, ती यामुळेच. मधुमेहाच्या दृष्टीने आणखी एक प्रयोग मला लक्षणीय वाटतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करवला गेला. त्यांपैकी ज्यांना रोज क जीवनसत्त्व १,००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० एकक दिले, त्यांच्यात व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारण्याचा लाभ दिसलाच नाही. साखर आणि वजन आटोक्यात आणण्यासाठी आपण व्यायाम वाढवणार असाल, तर त्याच वेळी मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणे मला तरी सुसंगत वाटत नाही.

सुरक्षिततेबद्दलही स्पष्ट लिहितो. ई जीवनसत्त्वाची ४०० एककांची रोजची मात्रा घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले, असे ३५,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीच्या २०११ मधील अहवालात नमूद आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ई जीवनसत्त्वाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. जस्त दीर्घकाळ जास्त घेतल्यास शरीरातील तांबे घटते. सेलेनियमची उपयुक्त मात्रा आणि अपायकारक मात्रा यांतील अंतर कमी असते. अल्फा लायपोइक आम्लाने साखर काहीशी उतरू शकते, म्हणून मधुमेहाच्या औषधांबरोबर ते घेताना साखर अधिक वेळा पाहावी लागते.

आपल्या सेन्सरबद्दलही सांगणे आवश्यक आहे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही सेन्सरवर साखरेचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिनची मात्रा वाढवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आपल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात याबाबतची मर्यादा दिलेली असते. ती वाचावी आणि शंका आल्यास बोटाच्या रक्तावर साखर तपासून खात्री करावी.

प्रतिसाद – प्रतीक्षारत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लघवीच्या नमुन्याच्या तपासणीबद्दल मला आजवर कोणीच सांगितले नव्हते. ती करून घेतो. दोन शंका राहतात. एक, गोळीवर विसंबायचे नसेल, तर ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करण्यासाठी नेमके काय करावे आणि परिणाम दिसायला किती काळ लागतो? दुसरी, माझे टेस्टोस्टेरॉन सामान्य मर्यादेच्या जरा खाली आहे. ताठरतेचाही अधूनमधून त्रास होतो. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतल्यास दोन्ही प्रश्न सुटतील, असे एका परिचिताने सुचवले आहे.

प्रतिसाद – अंतःस्राव

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. मूल हवे असताना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने, जेल किंवा गोळ्या कृपया घेऊ नयेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना संदेश देणारी संप्रेरके कमी करते, वृषणांच्या आतील टेस्टोस्टेरॉनची पातळी कोसळते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्ण थांबते. औषध बंद केल्यावरही ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. टाइप २ मधुमेहात, विशेषतः वजन जास्त असल्यास, टेस्टोस्टेरॉन कमी आढळणे सामान्य आहे आणि वजन घटल्यावर ते पुष्कळदा वाढते. सकाळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावर ही तपासणी पुन्हा करावी आणि तिच्यासोबत एलएच, एफएसएच व प्रोलॅक्टिन ही पीयूषिकेची संप्रेरके पाहावीत. पातळी खरोखरच कमी असेल, तर शुक्राणूंची निर्मिती न थांबवता ती वाढवणारी औषधे तज्ज्ञ देऊ शकतात.

ताठरतेच्या त्रासामागेही ऑक्सिडेटिव्ह ताणाचा हात असू शकतो. शिश्नातील रक्तवाहिन्या सैलावण्यासाठी नायट्रिक ऑक्साइड लागते आणि सुपरऑक्साइड ते वाटेतच निकामी करते. हा त्रास हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकतो, म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी टाळू नये. त्यावरील प्रचलित गोळ्या मधुमेहींनाही उपयोगी पडतात. नायट्रेट गटातील (हृदयविकारामुळे छातीत दुखण्यावरचे) औषध चालू असलेल्यांनी मात्र त्या मुळीच घेऊ नयेत.

प्रतिसाद – पेशीवेत्ता

पहिल्या शंकेबद्दल मी लिहितो. वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर अधिवृषणातून (वृषणालगतच्या नळीतून) पुढे सरकायला साधारण दोन आठवडे. आज तपासलेला शुक्राणू हा गेल्या तीन महिन्यांतील साखरेच्या सान्निध्यात वाढलेला असतो. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सीसुद्धा जवळपास तेवढ्याच काळाचा हिशेब देते. म्हणून माझ्या दृष्टीने आपल्या अहवालातील ८.६ आणि ३८ हे दोन आकडे एकाच कालखंडाचे आहेत आणि त्यांचा विचार एकत्रच करायला हवा.

मूळ ठिकाणीच सुपरऑक्साइड कमी तयार व्हावे, असा उपाय म्हणजे साखर आटोक्यात आणणे. बाहेरून दिलेले अँटिऑक्सिडंट ताण निर्माण झाल्यावर त्याच्या मागे धावते. साखर नियंत्रणात राहिली, तर तो ताण मुळातच कमी निर्माण होतो. जेवणानंतरचे तीव्र चढउतारही ताण वाढवतात, आणि आपल्याकडे सेन्सर असल्याने ते आपल्याला रोज दिसू शकतात; या सोयीचा पुरेपूर उपयोग करावा. एचबीए१सीचे लक्ष्य किती ठेवायचे, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, कारण साखर फार खाली जाणेही घातक असते. कोणतेही चालू औषध मूल हवे आहे एवढ्या कारणाने स्वतःहून बंद करू नये.

धूम्रपान असेल, तर ते सोडावे; शुक्राणूंच्या डीएनएला त्याने होणारी हानी निःसंशय आहे. वृषणांभोवतीच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हे युरोलॉजिस्टकडून तपासून घ्यावे, कारण त्या अवस्थेतही हाच ताण वाढतो आणि तिच्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. झोपेत घोरणे आणि श्वास अडखळणे होत असेल, तर तेही सांगावे. आहारातून मिळणारी जीवनसत्त्वे, भाज्या, फळे आणि कवचाची फळे (बदाम, अक्रोड इत्यादी) यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वरच्या चाचण्यांतील प्रश्न मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचा आहे. रक्ततपासणीत एखाद्या घटकाची खरोखर कमतरता आढळली, तर तेवढाच घटक, तेवढ्याच मात्रेत आणि ठरावीक काळासाठी घ्यावा. मेटफॉर्मिन बराच काळ चालू असल्यास बी१२ जीवनसत्त्व तपासून घेणे योग्य ठरेल, कारण त्या औषधाने ते कमी होऊ शकते.

पुढची वीर्यतपासणी साखर सुधारल्यानंतर तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने करावी. डीएनए विखंडन मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. नमुन्यापूर्वीच्या संयमाचे दिवसही दोन्ही वेळी सारखेच ठेवावेत. संयम लांबला की शुक्राणू अधिवृषणात अधिक काळ पडून राहतात आणि विखंडन वाढलेले दिसते. मधल्या काळात जोराचा ताप येऊन गेला, तर तपासणी आणखी तीन महिने पुढे ढकलावी.